मानेतली सुई आणि बाबांचे पाय

आजकाल मेंदूतला रक्तप्रवाह बघायचा तर माणसाला चुंबकाच्या मशीनमध्ये सरकवतात. सत्तरच्या दशकात नागपुरात मानेत सुई खुपसायचे. माझ्या बाबांच्या मानेत खुपसली होती, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

बाबा हातमागावर लुगडी विणायचे. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुगली असावी. फुटली तर संपलं. नेमकी कुठली ते दिसल्याशिवाय ऑपरेशन नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत औषध सोडायचं आणि ते डोक्यात पसरत असताना भराभर एक्स-रे काढायचे. तेवढा वेळ माणूस हलता कामा नये.

पहिले फोटो वाया गेले. डॉक्टर बाहेर येऊन माझ्यावरच उखडले, "पेशंट पाय झाडतोय. आता फक्त एकदाच करता येईल, आणि त्यातही अंग लुळं पडायचा धोका आहे."

जसे काही मीच पाय झाडले होते! आत गेले तर बाबा मलाच विचारतात, "काहून ओरडून राहिले वं हे? मी तं मान हालवलीच नाही."

खरंच होतं. औषध शिरताच डोक्यात आग पेटली, तेव्हा त्यांनी दात आवळले, मान घट्ट धरली आणि पायांनी पावड्या दाबल्या. मागाखालच्या त्या लाकडी पट्ट्या तिथे कुठल्या असायला! पण जीव घाबरला की विणकराचे पाय चालतात. आई गेली त्या दिवशीही बसल्या जागी त्यांचे चालले होते.

मला शिशाचा जड एप्रन घातला आणि पायांशी उभं केलं. "घट्ट धर वं," बाबा म्हणाले.

पुन्हा सुई गेली, औषध सुटलं. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. उजवा, डावा, उजवा, डावा, पाय माझ्या मुठीत जोर करत होते आणि मी सगळं बळ लावून ते दाबत होते. मधेच डावा ढिला पडला. ऐकलं बाई एकदाचं, असं वाटलं मला.

फोटो स्वच्छ आले. फुगवटा दिसला. डॉक्टर चक्क हसले आणि म्हणाले, "आता दोन्ही पाय उचला बघू."

उजवा वर आला.

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं.

बाबा वैतागले. "उचलले ना साहेब दोन्ही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग ना वं यायले."