वायरमन नेमका कुठे होता?

अर्जदार: कालव्याकाठचा एक बागायतदार. संशयित: गावोगाव फिरून फिटिंग करणारा एक खाजगी वायरमन, घरी बायको व दोन लेकरे. साक्षीदार तीन: एक गुरुजी, एक गिरणीवाला, एक दुकानदार. वार बाजाराचा, वेळ सकाळी दहा ते बारा. मुद्देमाल: विहिरीवरच्या मोटारीची चोरीस गेलेली तांब्याची केबल. नावे मुद्दाम देत नाही.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात जमादार होतो. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता तहसीलसमोरच्या एका खोलीत बसून लोकांचे अर्ज लिहितो. शेकडो प्रकरणे या हाताखालून गेली. हे एक मात्र डोक्यातून जात नाही, आणि आठवले की माझा मलाच संताप येतो.

खबर चहाच्या टपरीवरून आली. "वायरमनच्या घरी तांब्याच्या तारेचं पोतं हाये." पोते निघाले. जुनी फिटिंग काढली की जुनी तार वायरमनने न्यावी, अशी या धंद्यातली रीतच आहे. परंतु विहिरीवर उरलेल्या केबलचा काप साफ होता, पक्कड चालवणाऱ्या हाताचा. आणि आदल्या आठवड्यात त्याच मोटारीचे काम यानेच केले होते. एवढे आम्हाला पुरे झाले. पोलीस असो वा गिऱ्हाईक, शेवटचा हात ज्याचा लागला, दोष त्याच्याच माथी.

चोरीनंतर दोन दिवसांनी त्याला ठाण्यात आणले. दहा ते बारा कुठे होतास, असे विचारले.

"गुरुजीच्या घरी, साहेब."

गुरुजींना बोलावले. ते आल्या आल्या उसळले. "साफ खोटं! साडेदहाला फोन केला तर म्हणे, तुमच्या गेटवरच हाये. मी चष्मा लावून गेटवर गेलो. तिथं शेळी उभी होती!"

गिरणीवाला म्हणाला, "मलाबी तवाच म्हणला, गिरणीच्या दारात गाडी लावून राहिलो."

दुकानदार हात जोडून म्हणाला, "मला त म्हणला, तुमच्याच दुकानातून होल्डर घेऊन राहिलो. अन् मी गल्ल्यावर बसलेलो, जमादार!"

साक्षीदार तीन, ठिकाणे तीन, वेळ एकच, आणि माणूस एकाही ठिकाणी नाही. मी टेबलावर हात आपटला. "उद्या गुन्हा दाखल झाला तर कोणतं घर तुला दार उघडील? खरं बोल!"

जबाबावर सही कर म्हटले, तेव्हा त्याचा उजवा हात खिशातून निघेना. ओढून काढला तर तळव्याला पट्टी.

"खिळा लागला, साहेब."

तेव्हा मला टेबलावरचा एक कागद आठवला. विजेच्या धक्क्याने जखमी इसम दाखल झाल्याची रुग्णालयाची लेखी खबर दोन दिवसांपासून आमच्याच ट्रेमध्ये पडून होती. नाव याचेच, पण असे नाव तालुक्यात ढिगाने, आणि धंद्याच्या रकान्यात 'शेती'. कोणीतरी शेतकरी मोटारीवर चिकटला असेल, असे समजून मीच तो कागद बाजूला सारला होता.

कागद समोर ठेवताच तो रडकुंडीला आला. "साहेब, मारा, पण हे लिहू नका. दवाखान्यातबी म्या धंदा शेतीच सांगितला. चोरीचा डाग पुसंल. करंट बसलेल्या वायरमनला कोण बोलवंल?"

मग सगळे बाहेर आले. एका घरी मेन स्विच बंद करून तो बोर्ड जोडत होता. तेवढ्यात नळाला पाणी आले. घरातल्या मावशी मोटार लावायला धावल्या आणि त्यांनी मेन चालू केला. "मावशीचंबी काय चुकलं? आठ दिसानं पाणी आलतं."

"आणि तिघांना खोटं काहून बोललास?"

"दवाखान्यात हाये म्हणलं की दुसऱ्याला बोलावतेत. उद्या येतो म्हणलं तरी दुसऱ्याला. मंग गेटवरच ऱ्हावं लागतंय, साहेब."

खातरजमेसाठी रुग्णालयात गेलो. सिस्टर वैतागून म्हणाल्या, "छातीला वायरी लावलेल्या, अन् हा फोनवर म्हणून राहिला, गेटवरच हाये! शेवटी मीच फोन हिसकावला."

दाखल झाल्याची वेळ बरोबर जुळली. मग डोके ठिकाणावर आले. लाइट नसतानाच केबल कापता येते, आणि त्या भागाच्या फीडरची लाइट कधी जाते हे शेजारच्या मळेवाल्यांना तोंडपाठ असते. अर्जदाराच्या चुलतभावाच्या कडब्याच्या गंजीखाली केबल सापडली. कारण बांधाचे भांडण.

वायरमनच्या जबाबात मी लिहिले: 'सदर वेळी हाताच्या दुखापतीवर उपचार घेत होता.' यातला एकही शब्द खोटा नाही.

खोटे बोलणारा प्रत्येक माणूस गुन्हा लपवत नसतो; कित्येकदा तो आपली भाकरी झाकत असतो. हे मला त्या पट्टीने शिकवले. आणि कागदाचा एकच रकाना वाचणाऱ्याने स्वतःला हुशार समजू नये, हेही.

गेल्या आठवड्यात माझ्या खोलीतला छताचा पंखा बंद पडला. त्यालाच फोन केला. "कुठे आहेस?"

"गेटवरच हाये, साहेब."

उठून पाहिले. गेटवर कोणी नव्हते. पूर्वी शिवी दिली असती. आता विचारले, "हात बरा आहे ना?"

"बरा हाये. साहेब... उद्या आलो त चालंल का?"

चालेल, म्हटले. तो दुसऱ्या दिवशी आला, आणि काम होईपर्यंत मी मेन स्विचपाशी उभा राहिलो.

सबब, तमाम गिऱ्हाइकांस विनंती की, वायरमनचा हात बोर्डात असेपर्यंत नळाला पाणी आले तरी मेनला हात लावू नये, आणि त्याने 'उद्या येतो' म्हटल्यास दुसऱ्याला बोलावू नये. हे आपणांस मान्य आहे किंवा कसे, याचे उत्तर मिळावे.