खराब ठरवलेल्या स्लाइड

मी फेकलेल्या स्लाइड खराब नव्हत्या. ही गोष्ट मी मागच्या महिन्यापर्यंत कोणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या डॉक्टर मॅडमनी मला थेट विचारलं त्यांनाही नाही. त्यांना तर मी हसून भलतंच उत्तर दिलं.

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणकशास्त्र शिकवतो. आमचं कॉलेज वर्षातून एकदा गुळगुळीत कागदावर एक पुस्तिका काढतं. संशोधनात आम्ही किती पुढे गेलो ते तीत असतं. कोणी वीज केंद्राच्या राखेपासून विटा पाडतो, कोणी संत्र्याच्या बागेवर ड्रोन फिरवून कोळशी रोग ओळखतो, कोणी रस्त्यावरचे खड्डे कॅमेऱ्यानं मोजतो. खड्डेवाल्याला आम्ही चहाच्या वेळी चिडवायचो, "मोजू नको बाबा, बुजव." एका वर्षी मुखपृष्ठावर मी होतो. हातात मोबाइलला जोडलेलं छोटं सूक्ष्मदर्शक, चेहऱ्यावर फोटोग्राफरनं सांगितलं तेवढं हसू. तो अंक माझ्या घरी मी ठेवला नाही. सक्करदऱ्याला धाकट्या भावाकडे आहे. त्यानं तो फ्रेम करून टीव्हीच्या बाजूला टांगलाय.

आमचं काम सिकलसेलवर होतं. इकडच्या माणसाला हा रोग समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि माणूस दुखण्यानं गडाबडा लोळतो. जो नुसता वाहक असतो त्याला बहुधा काहीच होत नाही, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. पण आई आणि बाप दोघंही वाहक असले तर रोग मुलाच्या वाट्याला येऊ शकतो. म्हणून लग्नाआधी रक्त तपासायचं. आमच्या घरातल्या पत्रिका छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वेळीच गेल्या. आमचे बाबा म्हणायचे, "आपण गुण नाई पाहत, रक्त पाहतो." सोयरीक आली की पहिला प्रश्न तोच.

आमची कामाची रीत अशी होती. दवाखान्यातून रक्ताचे नमुने यायचे, सोबत तिथल्या मोठ्या यंत्राचा पक्का निकाल. आम्ही एक थेंब काचेच्या स्लाइडवर घ्यायचो, पेशींतला प्राणवायू ओढून घेणारं रसायन त्यात टाकायचो, वरून काचेचं पातळ झाकण. थोडं थांबलं की पेशी वाकू लागतात. मोबाइल फोटो काढतो, आमचा प्रोग्राम वाकलेल्या पेशी ओळखतो आणि सांगतो: रोगी, वाहक की सामान्य. आमचं उत्तर दवाखान्याशी जुळलं की स्लाइड बाजूला. नाही जुळलं की ती पुन्हा काढायची. रसायन जुनं होतं का, थेंब जाड पडला का, झाकणाखाली बुडबुडा राहिला का? आणि दोष शोधायला बसलेल्याला दोष सापडतोच. सापडला की स्लाइड खराब, तिचा फोटो मोजणीतून बाद.

जुळलेल्या स्लाइडमध्ये बुडबुडे नव्हते का? असतीलच. त्या पुन्हा पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही. या रीतीत कोणी खोटं बोलत नाही. रोज थोडी साफसफाई करत गेलं की आकडा आपसूक देखणा होतो.

एकदा बाद केलेली एका वाहकाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखालीच राहून गेली. मी वर्गावर गेलो, तास संपवून आलो आणि सहज डोळा लावला. मघाशी गोल दिसलेल्या पेशी वाकल्या होत्या. रसायन जुनं नव्हतं, थेंब जाड नव्हता. वाहकाच्या पेशी वाकतात, पण उशिरा वाकतात. आम्ही त्यांना वेळच देत नव्हतो. आणि आम्ही लिहीत असलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात पहिलाच शब्द होता 'झटपट'. थांबायचा वेळ वाढवला तर तो शब्द जात होता, आणि शब्द गेला तर निबंधात उरत काय होतं? मी काच उचलली, लाल डब्यात टाकली आणि हात धुतले.

नमुने पाठवणाऱ्या डॉक्टर मॅडम बोलायला तिखट. त्यांनी आमच्या यादीवरून बाद स्लाइड कोणाकोणाच्या ते पाहिलं आणि फोन केला.

"सर, एक सांगा. तुमच्या खराब स्लाइड सगळ्या वाहकांच्याच कशा निघतात?"

"उन्हाळा आहे मॅडम. रसायन उतरतं."

"असं? नागपूरचं ऊन फक्त वाहकांनाच लागतं वाटतं?"

मी हसलो. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "हसण्यावारी नेऊ नका. जुळलेल्यासुद्धा एकदा पुन्हा बघा." मी हो म्हणालो. पुढं त्यांची बदली झाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. निबंध छापून आला. मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीची माणसं येऊन यंत्र बघून गेली. कॉलेजात शाल मिळाली.

भावाच्या छातीत माझं कौतुक मावत नव्हतं. त्यानं वस्तीतल्या विहारात शिबिर ठरवलं. "दादा, दुनियाभर तुही मशीन गाजून राहिली, अन् आपल्याच लोकाइले नाई?" मी नको म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आलाही होता. पण त्यानं आधीच पत्रकं वाटली होती, आणि नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

विहाराच्या दारापर्यंत रांग होती. बायका जास्त. कोणी लेकीला घेऊन, कोणी सुनेला. बोटाला सुई टोचली की पोरी खिदळायच्या. निकालाची छापील चिठ्ठी मिळायची. 'पक्की तपासणी दवाखान्यात करा' ही ओळ चिठ्ठीवर होती, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. मीच ती तिकडे टाकली होती. पान उलटून कोणी पाहत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या परीक्षांवरून पक्कं माहीत होतं.

पुतणी रांगेत होती. भावाची एकुलती एक लेक. मला 'मोठे बाबा' म्हणते. बोट पुढं करून म्हणाली, "मोठे बाबा, पास करा बरं!" चिठ्ठी आली: सामान्य. ती चिठ्ठी मी माझ्या हातानं तिला दिली.

पुढच्या वर्षी तिची सोयरीक आली. मुलगा वाहक होता. त्यानं काही लपवलं नाही, दवाखान्याचं कार्ड पहिल्याच भेटीत समोर ठेवलं. त्याच्या आईनं विचारलं, "पोरीचं काय हाय?" भावानं चिठ्ठी दाखवली. कोणीतरी म्हणालं, एकदा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पण पाहून घ्या. भाऊ म्हणाला, "घरची मशीन असतानी दवाखान्यात काहून जायचं?" सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. समोर पोह्यांची बशी होती. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं: पाहून घ्या, काय हरकत आहे. तेवढंही मी बोललो नाही. मनाशी म्हटलं, उशिरा वाकणाऱ्यांतली ती कशाला असेल?

ती होती.

मुलगी झाली. वर्षाची व्हायच्या आत तिच्या हातापायांची बोटं सुजली, भाजलेल्या वांग्यासारखी तकतकीत. हात लावू देईना. घरच्यांना वाटलं काही चावलं. दवाखान्यात तिचं रक्त पाहिलं, मग आईबापांचं. बाळाला सिकलसेल. आणि पुतणी वाहक.

तिच्या सासूबाई भावाच्या घरी आल्या त्या दिवशी मी तिथं होतो. त्या बसल्या नाहीत. टीव्हीशेजारच्या फ्रेमकडे बघून म्हणाल्या, "मशीन मोठ्या बापाची, पोरगी घरची. मंग चिठ्ठी चांगलीच निघन ना!"

"तोंड सांभाळून बोला बाई," भाऊ उठला. "माह्या दादानं असं काम केलं नाई."

"मंग कोनं केलं? मशीननं? अख्ख्या पेपरात फोटो येते त्या मशीनीचा, अन् ती तुमच्याच पोरीपुरती चुकली?" मग पुतणीकडे वळून, "तुले माहीत होतं वं. माह्या पोरानं आपलं कार्ड समोर ठेवलं. तू काहून लपवलं?"

पुतणी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत होती. भाऊ म्हणाला, "दादा, सांग ना गा यायले." मी सांगितलं की अशा तपासण्यांत कधीकधी फरक पडतो. वर्गात पोरांनी अडचणीचा प्रश्न विचारला की मी ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हो, आमच्याच वाट्याले पडते फरक," आणि चपला घालून निघून गेल्या.

त्यानंतर पुतणी बरेचदा माहेरीच असायची. बाळाला ताप आला, दुखणं उठलं की भरती. एकदा मी वॉर्डात गेलो. बाळ झोपलं होतं, हाताला सलाईन. पुतणीनं मला स्टूल दिलं आणि स्वतः कॉटच्या कडेवर टेकली. हळूच म्हणाली, "मोठे बाबा, एक इचारू? रागवू नका. तुम्ही माह्यासाठी चिठ्ठी बदलली होती का?"

मी सलाईनची नळी सरळ केली.

"माहं लग्न अडन म्हनून केलं असन तुम्ही," ती म्हणाली. "मायेनंच केलं असन. मी घरी कोनाले नाई सांगनार. माफ केलं मी तुमाले." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट मी तिथं केली. तिचा हात मी तसाच राहू दिला. मायेपोटी खोटी चिठ्ठी देणारा मोठा बाप, हे माझ्या खऱ्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगलं दिसत होतं. जो गुन्हा मी केला नव्हता त्याची माफी घेतली आणि केलेला झाकून ठेवला. वर ती मला वाचवायला गप्प राहणार होती, म्हणजे सासरी लबाड ठरून राहणार होती. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

ते हलकेपण टिकलं नाही. मागच्या महिन्यात कॉलेजची नवी पुस्तिका निघाली. जुन्या कामांचा मागोवा म्हणून माझं यंत्र पुन्हा तीत होतं. दुसऱ्या राज्यातल्या कोणीतरी तीच पद्धत, तोच थांबायचा वेळ धरून पुढचं यंत्र बांधलं होतं. मला अभिनंदनाचे फोन आले. त्याच दुपारी भावाचा फोन आला, बाळ पुन्हा भरती आहे.

निबंध मागे घ्या, असं संपादकांना लिहिलं, कारणासकट. ते त्या मानानं सोपं गेलं. तिथं माझा चेहरा कोणी पाहिलेला नाही. मग पुतणीकडे गेलो. ती भावाच्या अंगणात बाळाचे कपडे वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काचा, लाल डबा, डॉक्टर मॅडमचा फोन, पोह्यांची बशी. चिठ्ठी बदलली नव्हती, हेही.

तिनं हातातलं झबलं झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला.

"म्हंजे तुमाले माहीत होतं, का मशीन चुकून राहिली."

"हो."

"लग्नाच्या आधी?"

"हो बेटा."

"अन् दवाखान्यात मी माफ केलं म्हटलं, तवा बी?"

मी मान डोलावली.

"मंग ते मी वापस घेतो," ती म्हणाली. विदर्भातल्या पोरी 'घेतो'च म्हणतात. आवाज चढला नव्हता. खाली वाकून तिनं बादलीतला पुढचा कपडा काढला, पिळला आणि तसाच हातात धरून उभी राहिली. "मोठे बाबा, त्या दिवशी माह्या मागं लायनीत लई बाया होत्या. माही मैत्रीण होती. तिचं लग्न ठरून राहिलं आता. त्या साऱ्याइले सांगितलं का तुम्ही?"

मी म्हणालो, मैत्रिणीचा पत्ता दे.

"मी काहून देऊ? भिंतीपल्याडच राहते ते. आवाज द्या."

मी आवाज दिला. भिंतीपलीकडून पोरगी आली, तिची आई आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ते शाल वापस केली का सर?" पोरगी आता दवाखान्यात रक्त तपासून आली आहे. निकाल काय आला ते मला सांगितलं नाही. तो मला सांगायचं त्यांच्यावर बंधनही नाही.

पुतणीच्या सासरी गेलो. सासूबाईंनी ऐकलं. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण सुनेला फोन लावला आणि घरी ये म्हणाल्या. ती अजून गेलेली नाही. जाईल की नाही ते तिचं तिनं ठरवायचं. भावानं फ्रेम काढली. भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन राहिलाय. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलतो, दादा न म्हणता.

रांगेतली बाकीची घरं राहिली आहेत. सक्करदऱ्याच्या त्या गल्ल्यांत ज्यांना ज्यांना मी 'सामान्य' म्हणून चिठ्ठी दिली, त्यांच्या दाराशी जाऊन ती खरी धरू नका, रक्त पुन्हा तपासा, एवढं सांगायचं देणं माझ्यावर आहे. आजपर्यंत भिंतीला भिंत लागून असलेल्या त्या एकाच घरी ते फेडलंय, आणि तेही पुतणीनं आवाज द्यायला लावला म्हणून.