काकूचे ठिपके

आमच्या काकूला गप्प बसण्याची नोकरी मिळाली, हे घरात कोणालाच खरं वाटलं नव्हतं. काकांना तर इतकं हसू आलं की त्यांचा चहा सांडला.

शहर भराभर वाढलं की कुठे काय तुंबतं आणि ते कसं सोडवायचं, याचा अभ्यास करणारी एक संशोधन संस्था आहे. महापालिका अडली की तिच्याकडे धावते. काकू तिथे निरीक्षक. रस्त्याच्या कडेला बसायचं, लोक जिथून रस्ता ओलांडतील तिथे नकाशावर लाल ठिपका द्यायचा आणि कोणाशी बोलायचं नाही, एवढंच काम. त्यातली पहिली दोन ती झकास करते.

त्या खेपेला रस्ता आमच्याच दारचा होता. आजूबाजूला टोलेजंग इमारती उठल्या, गाड्या वाढल्या आणि रस्ता बघता बघता एवढा रुंद झाला की पलीकडचे शेजारी परगावचे वाटू लागले. पालिका पट्टे आणि सिग्नल देणार होती, पण एकाच ठिकाणी. कुठे, ते संस्थेने सांगायचं. आम्हाला तो पलीकडच्या दवाखान्यासमोर हवा होता, कारण आजी तिथे गुडघे शेकायला जायची. आजी म्हणजे काकूची सासू, जिभेने तिखट. कोणी हात धरायला गेलं तर काठी उगारायची. हल्ली ती दवाखान्यातून फार लवकर परतायची. ‘आज गर्दीच नव्हती,’ म्हणायची.

काकूने बसायला पलीकडच्या शिंप्याच्या दुकानाची सावली निवडली. दवाखान्यापासून चांगली लांब. झालं! ‘काय काकू, आज इकडे?’ करत अख्खी गल्ली गाड्यांमधून वाट काढत तिच्याकडे येऊ लागली. कोणाची सून रुसली, कोणाचा जावई आला, सगळं ऐकून झालं की काकू प्रामाणिकपणे ठिपका द्यायची. शेवटी नकाशावर शिंप्याच्या दारात गोवर उठला.

पालिकेचे इंजिनिअर आले, तेव्हा संस्थेच्या तरुण अभ्यासकांनी त्या गोवरावर भाषणंच ठोकली. एक म्हणाला, सावलीचं आकर्षण. दुसरा म्हणाला, रस्त्याचा उतार. तिसऱ्याला शिंप्याच्या काचेतल्या रंगीत कापडांचा संशय होता. मागे बसलेल्या काकूला आधी हसू फुटलं आणि मग आजी आठवली. पट्टे शिंप्यापाशी गेले तर आजीला केवढा हेलपाटा! आणि खरं सांगितलं तर नोकरी जाणार. उभ्या जन्मात स्वयंपाकघराबाहेर मिळालेली ही तिची पहिलीच खुर्ची होती.

ती उभी राहिली. “सावली नाही, उतार नाही. ती मी आहे.”

सगळं ऐकल्यावर संस्थेच्या मोठ्या मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, “पुन्हा करा. आता तुम्ही बंद गाडीत, माझ्या शेजारी. बाहेर पाऊल टाकलंत तर मात्र या कामावरून सुट्टी.”

गाडी दवाखान्याजवळ लागली. काकू ओठ आवळून बसली. तेवढ्यात समोरच्या कडेला आजी आली. एक पाय खाली टाकला, हॉर्न वाजला, पाय वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग जणू हवा खायलाच आली होती अशा ऐटीत वळली आणि घराकडे चालू लागली. काकूची पेन्सिल हातातच राहिली. ओलांडला तरच ठिपका, असा नियम होता. ‘आज गर्दीच नव्हती’ म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं.

तिने दार उघडलं आणि दोन्ही हात वर करून रस्त्यात घुसली. “थांबा रे सगळे! थांबा म्हणते ना!” ट्रक थांबला, रिक्षा थांबल्या, एक सायकलवाला घाबरून खालीच उतरला.

“अगं, तू इथे काय करतेस?” आजीने विचारलं.

“नोकरी घालवतेय, आई. चला लवकर!”

दोघी निघाल्या. मध्यावर आजीने पहिल्यांदाच काकूचा हात धरला, तोही करकचून. पलीकडे पोचल्यावरही तिने तो सोडला नाही.

“घरी सांगू नकोस,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“मला भीती वाटते, ते.”

काकूने मान डोलावली. तिने ते घरी खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं, आणि शिंप्याला.

मॅडम गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी काकूच्या हातात निळी पेन्सिल ठेवली. “कामावरून सुट्टी नंतर बघू. आधी परत फिरणाऱ्यांचेही ठिपके द्या. पहिला तुमच्या सासूबाईंचा.” संध्याकाळपर्यंत नकाशात दवाखान्यासमोरचा रस्ता निळाशार झाला होता. इतकी माणसं रोज मागे फिरत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की घाबरट आपण एकटेच.

पट्टे तिथेच आले. पहिल्या दिवशी सिग्नल हिरवा होताच आजी एकटी निघाली. काकूने पुढे केलेला हात तिने काठीनेच बाजूला सारला. बरोबर मध्यावर थांबून तिने चष्मा काढला, फुंकर मारली, सावकाश पुसला. समोर बस, ट्रक, सगळे ताटकळलेले. काकू कडेवरून ओरडली, “आई, चला ना!”

“राहू दे त्यांना उभं,” आजी म्हणाली. “मी किती दिवस उभी होते.”