काचेबाहेरून दिलेली अजान

अत्तराचा वास आला की सिकंदराबादच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. मी तिथं सिक्युरिटी ऑफिसर होतो. नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर शेरवानीतले एक म्हातारे गृहस्थ उभे होते, अंगाला अत्तराचा मंद वास. आत त्यांचा अपुऱ्या दिवसांचा नातू होता. बाळाचा बाप सौदीत, आई ऑपरेशननंतर गुंगीत. "साब, बच्चे के कान में अजान देना है. डाक्टरां बोल रहे, भरोसा नै," ते हळूच म्हणाले. जन्मलेल्या बाळाच्या कानात पहिल्यांदा अजान पडावी, अशी त्यांच्यात रीत. आईबापांशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, हा नियम होता. मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "आत नको, फोन चालेल." मी माझा मोबाईल तिला दिला. तिनं तो नीट पुसून बाळाच्या कानाशी धरला आणि म्हाताऱ्यांनी काचेबाहेरून, आपल्या फोनवर, कापऱ्या आवाजात अजान दिली. मी पॅसेजमधल्या लोकांना खुणेनंच थांबवलं. पुढं बाळ सावरलं. घरी नेताना म्हाताऱ्यांनी ते माझ्यापुढं धरलं. "तुम भी कुछ बोलो साब, दुआ समझ के." मी वाकून मराठीतच म्हणालो, "सुखी राहा, बाळा." आता ते शाळेत जात असेल. त्याच्या कानावर पडलेलं पहिलं मराठी बहुतेक माझंच असेल.