दुपारी साडेतीनचे रक्त

१. धाड गावच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, मी एका जीपचालक तरुणाचे रक्त घेतले.
२. दाढी विरळ म्हणून मित्र चिडवत. त्यामुळे त्याने स्वतःहून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचे मुख्य हार्मोन, तपासायला सांगितले होते.
३. पातळी कमी आली. मी तसा रिपोर्ट दिला.
४. त्याचे लग्न ठरले होते. त्याने रिपोर्ट प्रामाणिकपणे होणाऱ्या सासऱ्यांना दाखवला. त्यांनी सोयरीक थांबवली.
५. दुसऱ्या दिवशी डॉ. हमीदसाहेबांनी मला बोलावले.

त्यांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू होऊन मला नऊ दिवस झाले होते. तोवर नमस्कारापलीकडे बोलणे नव्हते. खरी ओळख त्या सकाळी झाली.

“मॅडम, तो जेवून आला होता का?”

“विचारले नाही.”

“झोप झाली होती?”

“तेही विचारले नाही.”

“रातभर जीप चालवून, बाजारात भजे खाऊन आलेलं पोरगं. हे हार्मोन सकाळी जास्त राह्यते, दुपारी उतरते. मंग आपण पोराले मोजलं का त्याच्या थकव्याले?”

आवाज चढला नव्हता. मला त्याचेच जास्त लागले.

तेवढ्यात तो तरुणच आला. काउंटरपाशी वाकून कुजबुजला, “साहेब, लग्नापुरतं एखादं इंजेक्शन ठोकून द्या ना.”

“मोठ्यानं बोल बे. टेस्टोस्टेरॉन काही शिवी नाही. अन् बाहेरून ते घेतलं की शरीर आपलं बनवणं कमी करते, पुरुषबीजही घटते. मंग सासऱ्याले काय सांगशीन?”

त्याची परवानगी घेऊनच साहेबांनी सासऱ्यांना बोलावले. “चूक आमच्या दवाखान्याची,” ते म्हणाले. माझे नाव घेतले नाही. “पुन्हा कमी आलं तरी इलाज हाये. पण आधी नीट तपासू द्या.”

“मंग सोयरीक ठेवू का मोडू, तेवढं सांगा.”

“ते मले काऊन विचारता? पोरीले विचारा.”

सासऱ्यांनी तिथूनच फोन लावला. स्पीकरवर मुलगी म्हणाली, “बाबा, मले दाढीवाला पाह्यजेच नोहता.” पूर्ण ओपीडी हसली. सासरेही हसले, पण थोडे उशिरा.

पुरेशी झोप झाल्यावर, उपाशीपोटी, सकाळी आठ वाजता दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त घेतले. दोन्ही वेळा पातळी योग्य आली. लग्न झाले. गोड वर्ज्य असूनही साहेबांनी पाच जिलब्या खाल्ल्या. मी मोजल्या.

पण साहेबांच्या मते काम तिथे संपले नव्हते. त्यांनी मला जुनी रजिस्टरे तपासायला लावली. दुपारच्या रक्तावर ‘कमी’ असा रिपोर्ट घेऊन गेलेले अकरा जण निघाले. त्यांतले बहुतेक मी येण्याआधीचे होते, म्हणजे साहेबांच्याच देखरेखीतले. ते त्यांनी लपवले नाही. प्रत्येकाला स्वतः फोन केला. नऊ जण सापडले. सकाळी पुन्हा तपासल्यावर त्यांतल्या सात जणांना काहीच झालेले नसल्याचे दिसले. दोघांना खरोखर कमतरता होती. त्यांच्यावर उपचार सुरू आहेत. अकरांपैकी न सापडलेल्या दोघांचे फोन बदलले आहेत.

साहेबांना पंचाहत्तरीला काय हवे, असे आम्ही विचारले. “हारतुरे नको. ते दोघं आणून द्या.”

साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि आम्हाला त्यांची बोलणी आणखी पुष्कळ वर्षे खायला मिळोत.

वाचकांपैकी कुणाकडे, किंवा ओळखीतल्या कुणाकडे, आमच्या दवाखान्याचा असा रिपोर्ट असेल, तर कोणतेही औषध सुरू करण्याआधी पुन्हा तपासणी करून घ्यावी. ती मोफत आहे; नाव गुप्त राहील. कृपया साहेबांच्या पंचाहत्तरीआधी, ३० जूनपर्यंत, दवाखान्यात कळवावे.