फटफटीवरचा रामराम

फटफटीवर मागे बसलेल्या बाईला पुढचं काही दिसत नाही. पाय डावीकडे, तोंड डावीकडे, एका हातात सीटची कडी, दुसऱ्या हातात पदर. दिसतात ते शेतांचे बांध आणि रस्त्याच्या कडेनं चालणारी माणसं. पुढे काय आहे ते चालवणाऱ्यानं बघायचं. आमच्या घरचा चालवणारा ते बघत नव्हता, हे मला त्याच्या खांद्याचं हाड मोडल्यावर कळलं.

माझे यजमान गुरांचे डॉक्टर. पौडला त्यांची नेमणूक झाली आणि तिथं आमची चार वर्षं गेली. सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा, म्हणून मीही इथे तेच म्हणते. कोळवणच्या खोऱ्यापासून पार मुळशीच्या तळ्यापर्यंतची गुरं त्यांच्याकडे. एवढं पायी फिरणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांनी लष्करानं लिलावात काढलेली एक फटफटी मिळवली. हिरवा रंग जागोजागी उडालेला, आणि आवाज असा की ती गावाबाहेर असतानाच मी चहाचं आधण ठेवायची.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात, मालेजवळच्या एका वळणावर, ही फटफटी वळण न घेता सरळ चरात गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी यांचा उजवा हात गळ्यात बांधला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळेल. पण पुन्हा याच खांद्यावर पडले, तर हात वर जायचा नाही."

गुरांच्या डॉक्टरचा उजवा हात काय असतो, हे अडलेली गाय सोडवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. खांद्यापर्यंत हात आत घालून, नुसत्या स्पर्शावर, वासराचे पाय शोधून वळवायचे. तो हात गेला असता तर डॉक्टरांना कचेरीत बसून दाखले लिहीत राहावं लागलं असतं, आणि त्या बसण्यानं ते वर्षभरात चिडून म्हातारे झाले असते. म्हणून ते पडले कसे, हे शोधून काढणं मला भाग होतं.

कारणं सांगणारे पुष्कळ होते. शेजारीण म्हणाली, वेळ वाईट होती. तिनं हँडलला बांधायला लिंबू-मिरची आणून दिली. डॉक्टर रस्त्याला दोष देत होते. मी फटफटी ढकलत बाजारपेठेतल्या मिस्त्रींकडे नेली. हे मुसलमान मिस्त्री सायकली आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करत, आणि तोंडावर बोलत. त्यांनी दोन दिवस गाडी खोलून ठेवली. तिसऱ्या दिवशी हात पुसत म्हणाले, "वैनी, गाडीला कायबी झालेलं न्हाई. ब्रेक धरतोय, चाक सरळ हाय. दोष हाय त्यो वरती बसतोय."

"म्हणजे?"

"म्हंजी आता मी काय सांगू? तुमी एकदा मागं बसून बघा."

पण मागे बसायला डॉक्टरांचा हात आधी सुटायला हवा होता. तोवर ते घरी पुस्तकं वाचत बसले आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले. आमच्या खोल्या रस्त्याला लागूनच होत्या. तेव्हा मला एक नाद लागला. रस्त्यानं जो जो काही चालवत जाईल, तो कुठं बघतो ते बघायचं.

हे कधी पाहिलं नसेल तर पाहावं. बैलगाडीवाला बहुधा झोपलेला असतो, कारण बैलांना घर ठाऊक असतं. बैलांइतकं रस्त्याकडे लक्ष देणारं मात्र मी दुसरं कोणी पाहिलं नाही. नवा सायकलवाला स्वतःच्याच पुढच्या चाकाकडे बघतो, ते पळून जाईल अशा काळजीनं. कोळशाच्या ट्रकवाल्याला मी कोपरांनी चाक धरून दोन्ही हातांनी विडी पेटवताना पाहिलं. त्याची नजर काडीवर होती. यष्टीचा ड्रायव्हर सतत कडेच्या माणसांकडे बघायचा. हे मला पटेना. एकदा तो गाडी उभी करून समोर चहा प्यायला उतरला, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "तुम्ही रस्ता सोडून माणसांकडे का हो बघता?"

तो म्हणाला, "बाई, रस्ता कुटं पळून जातोय? त्यो हाय तितंच हाय. हलतंय ते मानूस. म्हातारी कवा आडवी यील, नेम न्हाई."

"आणि कोणी रामराम घातला तर?"

"घालू द्या की. माजं हात चाकावर. मुंडी हलिवतो, झालं." मग बशी खाली ठेवून तो हसला. "तुमचं डाक्टर मातुर लई मायाळू हायेत, बाई."

तो का हसला, ते मला माघात कळलं. डॉक्टरांचा हात मोकळा झाला, आणि कोळवणला बैल बघायला निघाले तेव्हा मी मागे बसले. "तू कशाला?" त्यांनी विचारलं. "हवा खायला," मी म्हटलं.

गाव सुटतं न सुटतं तोच कडेनं हाक आली, "रामराम डाक्टर!"

डॉक्टरांचा उजवा हात हँडलच्या मुठीवरून सुटून कपाळाला गेला. मूठ सुटल्याबरोबर गाडीनं गचका खाल्ला. आणि मग त्यांनी मान मागे वळवली आणि ओरडून विचारलं, "बरं आहे का?"

ते मायाळू होतेच. पण चूक एकट्या त्यांची नव्हती. मावळात नुसता रामराम पुरत नाही. ज्यानं घातला त्याच्याकडे बघून 'बरं हाय का' विचारावं लागतं, आणि तो काय सांगतो ते ऐकूनही घ्यावं लागतं. चालत्या माणसाला हे जमतं, बैलगाडीवाल्यालाही जमतं. फटफटीवर मात्र प्रश्न तोंडातून निघेपर्यंत समोरचा पन्नास हात मागे पडलेला असतो, म्हणून डॉक्टर मान आणखी वळवत. मी एका हाताच्या पेरांवर रामराम मोजत होते. कोळवण यायच्या आत पेरं दोनदा संपली. तेवढ्या वेळा फटफटीवर पुढे बघणारं कोणीच नव्हतं.

घरी आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. ते चकित झाले. आपण हात सोडतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आणि मालेला?" मी विचारलं.

त्यांनी जरा आठवलं. "वळणावर एक म्हातारबाबा होता खरा. त्याच्या गाईचा डोळा मी बरा केला होता."

"मग यापुढे रामराम घ्यायचा नाही."

"अगं, कसं शक्य आहे? माझ्या आधीचे डॉक्टर घोड्यावरून मान ताठ ठेवून जायचे. लोकांनी त्यांना एक शेळीसुद्धा दाखवली नाही. सगळे वैदूकडे जायचे."

हे खरं होतं. रामराम घेतला तर हात जातो, न घेतला तर हाताला काम उरत नाही. मिस्त्रींनी हँडलला एक आरसा लावून पाहिला, म्हणजे मान न वळवता मागचा माणूस दिसावा. पण आरसा इतका थरथरायचा की डॉक्टरांना त्यात स्वतःच्या मिशांखेरीज काही दिसलं नाही, आणि ते त्याच बघत राहिले. मी तो काढायला लावला.

मग मी ठरवलं की रामराम आपण घ्यायचा. माझं तोंड कडेलाच होतं आणि एक हात मोकळा होता. बाईमाणसानं रस्त्यानं मोठ्यानं रामराम घालायची रीत नव्हती. पहिल्या दिवशी बांधावरचे दोघं एकमेकांकडे बघून इतक्या मोठ्यानं म्हणाले की फटफटीच्या आवाजातही मला ऐकू आलं, "आरं, डाक्टरीणबाई रामराम घालत्यात!" "मग? पगार बी त्याच घेत आसतील." हसले तर हसू दे. चार-सहा फेऱ्यांत त्यांना सवय झाली.

सवय मात्र जरा जास्तच झाली. फटफटीवर ऐकणारं कोणीतरी आहे हे कळल्यावर लोक माझ्याकडे बघून दुखणी ओरडून सांगायला लागले. कासार आंबोलीच्या वाटेवर एक बाई डोक्यावरचा भारा सावरत ओरडली, "डाक्टरीणबाई, पाडी दोन दिस चारा खात न्हाई!"

"बरं!" मी ओरडले.

"काय म्हणाली?" डॉक्टरांनी मान वळवली. "रवंथ करते का विचार!"

"पुढे बघा!"

"अगं, पण पोट फुगलंय का?"

एवढ्यात सगळं एकदम मऊ झालं. समोर गवतानं भरलेली बैलगाडी होती आणि आमचं पुढचं चाक, हँडल आणि डॉक्टरांचं डोकं त्या गवतात शिरलं होतं. मी नाकात गेलेलं कुसळ काढत खाली उतरले. डॉक्टरांनी उजवा हात वर करून पाहिला. वर गेला. मी पुन्हा करायला लावला, पुन्हा गेला. गाडीत गवताऐवजी बांबू असते तर काय झालं असतं, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. गाडीवान झोपलाच होता. बैल मात्र थांबून मागे वळून बघत होते.

त्या संध्याकाळी मी सांगितलं, "आता एकच. रामराम आला की गाडी उभी करायची. पाय जमिनीला लागला की मग हात सोडा, मान वळवा, काय हवं ते करा. चालत्या गाडीवर नाही."

"वेळ लागेल."

"लागू दे."

गवतातून उठलेला माणूस फार वाद घालत नाही. त्यांनी ऐकलं. वेळ लागला, तो मात्र माझ्या अंदाजापेक्षा फार. उभ्या गाडीशी लोक नुसता रामराम घालून जाईनात. तंबाखू निघे, लेकीचं लग्न कुठं ठरलं ते निघे. कोळवणला जायला पूर्वीपेक्षा तिप्पट वेळ लागायला लागला. पण डॉक्टर पडत नव्हते, आणि मला तेवढं पुरे होतं.

फाल्गुनात एक दिवस कोळवणहून एक शेतकरी सायकल मारत आला. त्याची म्हैस पहाटेपासून अडली होती. डॉक्टर लगेच निघाले, आणि तो शेतकरी सायकलवर त्यांच्या मागून. अर्ध्या वाटेत सायकल फटफटीच्या पुढे निघून गेली. डॉक्टर शब्दाला जागत सात ठिकाणी थांबले होते. ते पोचले तेव्हा रेडकू पोटातच मेलेलं होतं. त्यांनी दोन तास हात घालून ते तुकड्यातुकड्यानं काढलं आणि म्हैस वाचवली. संध्याकाळी अंगणात हात धूत म्हणाले, "अर्धा तास आधी गेलो असतो तर दोन्ही वाचली असती." मी पाणी घालत होते. नियम माझा होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी पौडच्या बाजारात मिरच्या घेत होते, तेव्हा पलीकडे तोच शेतकरी कांद्याच्या ढिगाशी उभा राहून गरजत होता. भोवती माणसं जमली होती. त्यानं मला पाहिलं नाही.

"कोण कोण हुतं त्या दिशी रस्त्याला? तू हुतास का न्हाई?"

"म्या निस्ता रामराम घातला, दादा."

"निस्ता रामराम! आन् लेकीच्या सासरचं कुनी सांगितलं? हितं माजी म्हस आरडतीया आन् तुमी डाक्टरला तमाकू खाऊ घालताय! आता ऐकून ठेवा. डाक्टर फटफटीवर आसला का त्याला रामराम न्हाई. तोंडाकडं बघायचं न्हाई."

"आन् डाक्टरला राग आला म्हंजी?"

"आला तर उतरून यील. उतारल्यावर घाल की दिसभर रामराम! आरं, आज माजी म्हस हुती. उंद्या तुजी आसंल."

हे शेवटचं सगळ्यांना पटलं. कांदेवाली म्हातारी म्हणाली, "आमी सुना सासऱ्याम्होरं तोंड फिरवत आलोच की. तुमाला काय हुतंय?" माणसं हसली, पण मान हलवून पांगली. मी मिरच्या घेऊन घरी आले आणि डॉक्टरांना काही सांगितलं नाही. हे खरंच होतं का, ते मला आधी बघायचं होतं.

तीन दिवसांनी कोळवणलाच त्या म्हशीला बघायला जायचं होतं. मी मागे बसले. गाव सुटलं. बांधावरचे दोघं आम्हाला बघून खाली वाकले आणि काहीतरी उपटायला लागले, तिथं उपटण्यासारखं काही नसताना. पुढे एकानं छत्री उघडून आडवी धरली, ऊन पाठीमागून येत होतं तरी. एका म्हाताऱ्यानं तर सरळ पाठ फिरवली आणि आम्ही जाईपर्यंत डोंगराकडे बघत राहिला. कोणाचाही हात वर गेला नाही. मला हसू आवरेना.

डॉक्टर अस्वस्थ झाले. मैलभर त्यांनी कळ काढली. मग मान वळवलीच. "अगं, झालंय काय यांना? तो कोण पाठ फिरवून उभा होता? माझ्यावर रागावलेत का सगळे?"

मी हातानं त्यांचं डोकं धरलं आणि पुढे वळवलं. भर रस्त्यात बायकोनं नवऱ्याचं डोकं धरणं ही काही रीत नव्हती, पण त्या दिवशी बघणारं कोणी नव्हतं. मग मागून त्यांच्या कानाशी बाजारातली सगळी हकीकत सांगितली. गाडी एका लयीत चालली होती, दोन्ही मुठींवर दोन्ही हात. वाल्कीच्या अलीकडे त्यांनी वेग एकदम कमी केला.

"ओढ्यावर ही मोरी कधी बांधली?" त्यांनी विचारलं. "कठडासुद्धा नाही हिला."

"आपण आलो तेव्हापासून आहे," मी म्हटलं.