न उचललेला भंडारा

सोनालीचं लग्न एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द तिच्या बापानं, शहाजीनं, म्हणायचा होता.

तसं सगळं जमल्यात जमा होतं. मुलगा सिद्धनाथ, सांगोल्याकडचा, चिंचोळी एमआयडीसीत फिटर. सोनाली सोलापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं आणि मग रीतीनं घरच्यांना पुढं घातलं होतं. मुलाच्या आईबापाची ना नव्हती. पण त्या घरात शब्द चाले तो आजोबांचा, भिमाआण्णांचा. जन्मभर मेंढरं राखलेला म्हातारा. त्यांनी निरोप धाडला:

"पोरगी आमाला पसंत हाय. बाप जेलात जाऊन आला, त्येचंबी काय न्हाय. मानसाच्या हातनं हुतं. पर त्यो अजून 'म्या केलंच न्हाय' म्हनतो, ते वंगाळ. कबूल केलेला मानूस निवळला म्हनायचा. न केलेल्याच्या पोटात काय हाय, कुनाला ठावं? एकदा आमच्याम्होरं चुकलो म्हनू द्या. त्याच दिवशी सुपारी फोडू."

गोजाबाईनं नवऱ्याला हा निरोप भाकरी थापता थापता सांगितला, मान वर न करता, एका दमात. शेवटी म्हणाली, "म्हना की एकदा. तोंडचाच तर शबुद हाय."

शहाजीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. अकरा वर्षं तो एकच वाक्य सांगत आला होता. पोलिसांना, वकिलाला, जजसाहेबांना, जेलमधल्या डॉक्टरला. सांगून सांगून ते एसटीच्या तिकिटासारखं चुरगळलं होतं, तरी त्यानं खिशातून टाकलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी तो मंगळवेढ्याच्या पलीकडं एका धनगरवस्तीवर राहत होता. सत्तर मेंढरं, चार कोकरं, एक कुत्रं. शेजारी शिवयोगी नावाच्या म्हाताऱ्याचं ज्वारीचं रान होतं. एके दिवशी मेंढरं रानात घुसली. शिवयोगीनं चारचौघांत आईवरून शिव्या दिल्या, आणि शहाजीच्याही तोंडून निघून गेलं, "जळू दे तुजी ज्वारी!" असं कोण कुणाला म्हणत नाही? पण चौथ्या दिवशी भर दुपारी शिवयोगीच्या कडब्याची गंज खरोखरच पेटली, आणि तिच्या सावलीला म्हातारा झोपला होता.

शहाजी ओढ्यापलीकडं होता. धूर दिसला तसा तो मेंढरं टाकून धावला. आपली घोंगडी म्हाताऱ्यावर टाकली, पेटत्या कडब्यातून त्याला ओढून काढलं. दोन्ही तळवे भाजले. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, ते त्यानं पाजलं. दुसरा घोट गालावरून ओघळला तेव्हा कळलं की घेणारा राहिला नाही. तेवढ्यात धुरापलीकडच्या बांधावरून, त्याला न बघताच, ओरडा आला, "शाज्यानं पेटवली, धरा!" आणि शहाजी पळाला. हे पळणं त्याला पुढं फार महागात पडलं, पण त्याहूनही महागात पडलं ते संध्याकाळचं.

संध्याकाळी बिरोबाच्या देवळात वस्ती जमली आणि शहाजीला बोलावून आणलं. आळ आलेल्या माणसानं देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, मुठीत उचलायचा आणि म्हणायचं, "केलं असंल तर माजं वाटुळं हुईल." खोटा भंडारा उचलायची कुणाची छाती होत नाही. त्यामुळं उचलला की आळ संपला. त्यापुढं पोलिसपाटीलसुद्धा बोलत नसे. शहाजीनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मेलेल्याला शिवलेला हात तीन दिवस भंडाऱ्याला लावायचा नाही, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. त्याच्या मांडीवर नुकताच एक माणूस मेला होता.

"आज न्हाय," तो म्हणाला. "तीन दिसांनी उचलतो."

"का? आज काय झालंय?"

ते त्याला सांगता येईना. मेलेल्याला शिवलोय म्हणावं, तर तिथं होतो हे कबूल होतं. त्याला वाटलं, देव तीन दिवस थांबतो तर माणसंही थांबतील. देवाला भ्याला म्हणून तो माणसांच्या हातात सापडला. तीन दिवस कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली.

पुढचं सगळं उतरणीला लागलेल्या गाडीसारखं झालं. भीतीपोटी तो पोलिसांना आधी म्हणाला, मी तिथं नव्हतोच. मग प्रेतावरची घोंगडी त्याची निघाली, तळवे भाजलेले निघाले, घरात दिव्यासाठीचा रॉकेलचा डबा निघाला. तेव्हा तो खरं बोलला, पण तेव्हा खऱ्याची वेळ टळली होती. "आधी नव्हतास, मग होतास, आणि वर त्याला वाचवत होतास होय?" सरकारी वकिलानं विचारलं, आणि कोर्टात बसलेल्या त्याच्याच भावकीनं माना हलवल्या. भंडारा उचलला नाही, म्हणजे त्यांच्यापुरता निकाल आधीच लागला होता. दहा वर्षांची शिक्षा झाली. सूट मिळून तो आठव्या वर्षी बाहेर आला.

जेलमध्ये त्याच्या बराकीत अक्कलकोटकडचा कानडी बसवराज होता. त्यानं चुलतभावाला मारलं होतं आणि ते तो सरळ सांगायचा. "एनप्पा शहाजी," तो हसायचा, "मी केलं, मी जेवतो, मी झोपतो. तू केलं नाहीस, आणि रातभर कूस बदलतोस. मग तुझ्या निर्दोष असण्याचा फायदा कुणाला? ढेकणांना?" सगळी बराक हसायची. तिथं दर दुसरा माणूस निर्दोषच होता.

सुटून आल्यावर पहिल्या आठवड्यात तो वस्तीवरच्या देवळात गेला होता, राहिलेला भंडारा उचलायला. पुजाऱ्यानं ताट मागं सारलं. "आता कशाला? शिक्षा भोगल्याली. देवानं न्याय कवाच केला. उगं देवाला पुन्हा कोड्यात घालू नगंस." तेव्हापासून ती वाटही बंद झाली.

आता तो चिंचोळीला एका गोदामात हमाली करत होता. वॉचमनची नोकरी मिळत नव्हती, कारण तिथं पोलिसांचा दाखला लागतो. सोबतचे हमाल त्याला 'सरकारी पाव्हणा' म्हणत. गोजाबाई इतकी वर्षं टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करत होती. पत्र्याची एक खोली, पोरीचं शिक्षण, सगळं तिनं ओढलं होतं. कोर्टाची एक तारीख तिनं चुकवली नव्हती, जेलची एक भेट चुकवली नव्हती. फक्त 'तुमी केलं का?' असं तिनं कधी विचारलं नव्हतं. शहाजीनं विषय काढला की म्हणायची, "झालं ते झालं. जेवलात का?"

निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी सोनाली ड्युटीवरून आली ती बापाजवळ उंबऱ्यावर बसली.

"आप्पा, एक बोलू? रागावू नका."

"बोल की."

"माझ्या लग्नासाठी म्हणू नका. तुमच्या स्वतःसाठी म्हणा. माणूस बोलला की हलका होतो. आम्ही वॉर्डात रोज बघतो."

शहाजीनं तिच्याकडं बघितलं. नाक थेट त्याच्या आईचं. "सोने, तुला काय वाटतं? म्या पेटवली?"

ती पायातल्या चपलेचा पट्टा काढू लागली. "मी नऊ वर्षांची होते, आप्पा. मला कसं माहीत असणार? पण खरं सांगू? मी तुम्हाला कधीच माफ केलंय. आईनं पण."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. वस्तीनं वाळीत टाकलं, हमाल हसले, त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. माफ करणाऱ्याशी काय करायचं? तिच्या मायेत जरा खोट असती तर त्याला उठून जाता आलं असतं. पण ती माया खरी होती, आणि तिच्या मुळाशी तो खुनी होता. त्याला वाटलं, आपण निर्दोष आहोत हे आता जगात एका माणसापुरतं उरलंय, आणि तो एक माणूस हट्ट सोडत नाही म्हणून पोरीचं लग्न थांबलंय.

त्यानं निरोप पाठवला, या. म्हणतो. फक्त देवळात नको, घरात म्हणतो.

रविवारी दुपारी पाहुणे आले. भिमाआण्णा, त्यांचा मुलगा आणि सिद्धनाथ. पत्र्याखाली पंखा गरम वारा ढकलत होता. आण्णांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि चारी भिंती बघितल्या.

"खोली बेस हाय. दोन मेंढरं बांधली तर मानसानं मात्र भाईर झोपायचं."

सगळे हसले. सोनालीनं पोहे दिले. गोजाबाई स्टोपाशी चहाला वळली. आण्णांनी मिशांवरून हात फिरवला. "बोल बाबा शहाजी. आपलीच मानसं हायेत."

शहाजीनं हात जोडले. "चुकलो."

"काय चुकलास? नीट म्हन, म्हंजी मनात काय ऱ्हात न्हाय."

शहाजीनं डोळे जमिनीला लावले. "जुन्या भांडणाचा राग मनात धरून, म्या शिवयोगीच्या कडब्याच्या गंजीवर रॉकेल ओतलं, आन् तितं मानूस झोपल्याचं ठाऊक असतानाबी गंज पेटवून दिली."

स्टोपाशी गोजाबाईचा हात थांबला. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. जुन्या भांडणाचा राग मनात धरून. माणूस झोपल्याचं ठाऊक असताना. कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून तारखेमागून तारखेला तिनं ते सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकले होते, याच क्रमानं. तिच्या नवऱ्यानं उभ्या जन्मात 'राग मनात धरून' असं काही म्हटलं नव्हतं. रागावला तर तो नुसता 'डोस्कं फिरलं' म्हणायचा.

"बास!" आण्णांनी उठून शहाजीला मिठी मारली. त्यांच्या अंगाला तंबाखूचा वास होता. कितीतरी वर्षांत कुणी परक्यानं त्याला असं जवळ घेतलं नव्हतं. "सुटलास मर्दा! आता तू मानसात आलास." ते परत टेकून बसले, आणि सुपारीच्या आधीच्या निवांतपणात, एका मेंढक्यानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आन् वारं कुनीकडचं हुतं रं? गंज पेटवायची तर वारं पाठीवर घ्यावं लागतं. न्हाईतर आदी आपल्याच मिशा पेटायच्या!"

परत हशा झाला.

वाऱ्याचं कोर्टाच्या कागदात काही नव्हतं. मेंढरं वाऱ्याच्या तोंडानं चालतात. दिवसभरात मेंढक्याला दुसरं काही कळो ना कळो, वारं कळतं. जी काडी लावायला वाऱ्याकडं बघावं लागतं, ती त्यानं लावलीच नव्हती. तो पोचला तेव्हा सगळीकडून जाळ होता आणि त्याला फक्त जळणारा माणूस दिसला होता. त्यानं भिंतीकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आणि मग पाठ केलेलं विसरलेल्या पोरासारखं गोजाबाईकडं बघितलं.

चहा उतू गेला. गोजाबाईनं तो आवरला नाही. ती नवऱ्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता.

"इसरलास व्हय?" आण्णा म्हणाले.

"उगवतीचं हुतं," गोजाबाई एकदम बोलली. "कोर्टात आलं हुतं तसं. आता कशाला ते उकरता आण्णा? च्या घ्या."

कोर्टात वाऱ्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, आणि शहाजीलाही.

"व्हय व्हय, सोडा ते," आण्णा म्हणाले. "आना सुपारी."

सुपारी फुटली. सोनाली रडत हसत बापाच्या गळ्यात पडली. "बघा आप्पा, किती सोपं होतं!" तो मान हलवून पाणी प्यायच्या निमित्तानं माठापाशी गेला. गोजाबाई तिथं पाठमोरी उभी होती. ती कुजबुजली, तेव्हा तिच्या आवाजात पाणी होतं.

"आवं, तुमी केलंच न्हाय."

"म्हनत हुतो की तेच."

"अकरा वर्सं... म्या तुमाला..." तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मग डोळे पुसून भराभर म्हणाली, "म्या सांगते त्यास्नी. आत्ता सांगते."

"काय सांगशील? ह्यो मानूस लबाड बोलला म्हनून? मंग लोक इचारतील, कोर्टातला शबुद खरा का आजचा?" त्यानं तिचं मनगट धरलं. "पोरीकडं बघ जरा."

गोजाबाईनं वळून बघितलं. सोनाली सिद्धनाथच्या बापाला पान देत होती, आणि कानापर्यंत लाल झाली होती.

"विहीनबाई!" आण्णांनी हाक दिली. "कुकवाचं ताट आना की! का आमी असंच जायाचं?"

"आले, आले!" गोजाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा निघाला की शहाजीला धडकी भरली. ताट घेऊन ती पुढं गेली आणि सगळ्यांना नाम ओढू लागली. मागोमाग शहाजीलाही हाक आली. खोलीला दार एकच होतं आणि त्या दारातच पाहुणे बसले होते.

सिद्धनाथ पाया पडायला वाकला. "मामा, आशीर्वाद द्या."

शहाजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. समोर गोजाबाई ताट धरून उभी होती. पाहुणे जाईपर्यंत तिच्याकडं बघायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं.